वजनाचा शिक्का पाहतो, इस्पितळाचा दाखला का पाहत नाही?

बाजारात बसणारा माणूस सहजासहजी फसत नाही. सूत घेताना तो काउंट तपासतो, सोने घेताना हॉलमार्क पाहतो, नवा तराजू आणला तर वैधमापन खात्याचा शिक्का आहे की नाही हे आधी बघतो. पाच हजारांचा माल असला तरी बिलाशिवाय गाडीत चढू देत नाही. पण हाच माणूस घरातले कोणी आजारी पडले आणि डॉक्टरांनी "ऑपरेशन करावे लागेल" असे सांगितले की अगदी निराळा होतो. लाख-दोन लाखांचा व्यवहार तो एकही प्रश्न न विचारता मान्य करतो. इंग्रजीत छापलेल्या कागदावर, त्यात काय लिहिले आहे हे न वाचता, सही करतो. पक्के बिल मिळाले नाही तरी गप्प बसतो. जी खरेदी परत करता येत नाही, बदलून मिळत नाही, तीच खरेदी आम्ही डोळे मिटून करतो.

आरोग्याचा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर आमच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत सापडते. छोट्या कारागिराचे भांडवल म्हणजे चार माग, एक शिलाई मशीन, एखादी हातगाडी किंवा उधारीवर भरलेले दुकान. घरात एक मोठे ऑपरेशन निघाले की या भांडवलालाच हात लागतो. माग विकला जातो, दागिने गहाण पडतात, व्यापाऱ्याची उधारी थकते. ऑपरेशन गरजेचे असेल आणि नीट झाले असेल तर माणूस पुन्हा उभा राहून कमावतो. पण ते विनाकारण झाले असेल, किंवा हलगर्जीपणाने बिघडले असेल, तर पैसाही जातो आणि कमावणारे हातही जातात. म्हणून इस्पितळातील शस्त्रक्रियेवर सरकारची देखरेख कशी आहे, ती कुठे तोकडी पडते आणि तिचा उपयोग आपण कसा करून घ्यायचा, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

बाजार आणि दवाखाना, निरीक्षक एकच

शस्त्रक्रियेवर राज्यसत्तेने नजर ठेवावी ही कल्पना पश्चिमेकडून आलेली आहे असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. इस्लामी राज्यव्यवस्थेत हिस्बाचे एक खाते असे आणि त्याचा प्रमुख म्हणजे मुहतसिब. तो बाजारात फिरून वजने-मापे तपासे, भेसळ पकडे, आणि त्याच अधिकाराने वैद्य, जर्राह व औषधविक्रेते यांच्यावरही देखरेख ठेवी. खोटे माप देणारा दुकानदार आणि विद्या नसताना चाकू चालवणारा जर्राह, दोघेही त्याच्या दृष्टीने लोकांचा हक्क मारणारेच होते.

हिजरी ३१९ म्हणजे इसवी सन ९३१ मधली गोष्ट आहे. बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने एक रुग्ण दगावल्याचे खलीफा अल-मुक्तदिर यांच्या कानावर गेले. त्यांनी मुहतसिबाला हुकूम केला की, यापुढे सिनान इब्न साबित यांनी परीक्षा घेऊन लेखी परवानगी दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये. त्या वेळी बगदादमध्ये आठशे साठहून अधिक वैद्यांची परीक्षा घेतली गेली, असे जुने चरित्रकार नोंदवतात. पुढे इसवी सन १००० च्या सुमारास अंदलूसमध्ये अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'अत-तसरीफ' हा मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत. शरीररचना न शिकता चाकू हाती घेणाऱ्यांनी रुग्णांचे जीव कसे घेतले, याची उदाहरणेही त्यांनी दिली आहेत. ज्याला वैद्यकीचे ज्ञान नाही त्याने उपचार केले तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते, या अर्थाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. म्हणजे परवाना, तपासणी आणि भरपाई या तिन्ही गोष्टी आमच्या परंपरेला जुन्याच आहेत. आज मुहतसिब नाही. त्याच्या जागी कायदे आणि खाती आहेत.

महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो

आपल्या राज्यात खासगी इस्पितळांसाठी मूळ कायदा १९४९ चा आहे. तेव्हा त्याचे नाव मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम होते, आता तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून ओळखला जातो. या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय कोणालाही नर्सिंग होम चालवता येत नाही. महानगरपालिकेच्या हद्दीत ही नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो, बाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा करते. नोंदणी कायमची नसते. तीन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. दाखला इस्पितळात सर्वांना दिसेल अशा जागी लावणे बंधनकारक आहे. जागेची व नोंदवह्यांची तपासणी करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना आहे.

केंद्र सरकारने २०१० साली देशासाठी वैद्यकीय आस्थापना कायदा केला, पण आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने तो स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर राहिले. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. त्याऐवजी १४ जानेवारी २०२१ रोजी राज्याने आपल्या जुन्या कायद्याखालील नियमांत मोठी दुरुस्ती केली. त्यामुळे रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे, मुख्य सेवांचे दरपत्रक लावणे आणि तक्रारीची सोय ठेवणे या गोष्टी इस्पितळांवर बंधनकारक झाल्या. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही या नियमांत आले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नोंदणीचा दाखला म्हणजे दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. दुकानाच्या भाषेत बोलायचे तर नोंदणी म्हणजे गुमास्ता लायसन्स. गुमास्ता असला म्हणजे माल चांगला आहे असे सिद्ध होत नाही, पण गुमास्ता नसेल तर दुकानच बेकायदा ठरते. दर्जाचा शिक्का वेगळा असतो. इस्पितळांसाठी तो 'एनएबीएच' या मंडळाकडून मिळतो. हे मंडळ २००५ च्या सुमारास भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीत स्थापन झाले. हा शिक्का घेणे ऐच्छिक आहे आणि लहान गावांतील अनेक चांगल्या इस्पितळांकडेही तो नसतो. सरकारी इस्पितळांसाठी केंद्राने 'राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके' ठरवली आहेत, आणि बाळंतपणाची खोली व तेथील शस्त्रक्रियागृह यांच्यासाठी २०१७ पासून 'लक्ष्य' नावाचा वेगळा कार्यक्रम आहे. तात्पर्य, खासगी इस्पितळात किमान अट म्हणून नोंदणी पाहावी, आणि दर्जाचा शिक्का असेल तर ती जमेची बाजू समजावी.

बीडने दिलेला धडा

कायदा असूनही देखरेख झोपलेली असली तर काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखवून दिले. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ महिलांच्या गर्भपिशव्या काढण्यात आल्या. या सगळ्याच महिला ऊसतोड मजूर नव्हत्या आणि सगळीच ऑपरेशने विनाकारण होती असेही नाही. पण आकडा मोठा होता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यातील १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली होती. यांत चाळिशीच्या आतल्या महिलाही मोठ्या संख्येने होत्या.

असे का झाले, हे व्यापारी माणसाला लवकर कळेल, कारण यामागे धंद्याचा हिशेब होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. एक दिवस खाडा पडला की दंड कापला जातो. पाळीच्या दिवसांत पोटदुखी झाली, पांढरे जाऊ लागले, तर त्या बाईला विश्रांती नाही, शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही. अशा वेळी ती खासगी दवाखान्यात जाते. साध्या औषधाने बरा होणारा आजारही "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" अशा भीतीने ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचतो. त्याचा खर्च पुन्हा मुकादमाच्या उचलीतून येतो, आणि ती फेडण्यासाठी आणखी एक हंगाम ऊस तोडावा लागतो. कमी वयात पिशवी आणि तिच्यासोबत अंडाशये काढली गेली तर हाडे ठिसूळ होणे, लवकर पाळी बंद झाल्याचे त्रास होणे, हे दुखणे जन्मभर पाठीशी लागते.

नोंदणीचे कागद त्या वेळीही होते, तपासणीचे अधिकारही होते. कोणी आकडे मागितले नाहीत, म्हणून ते कोणी जुळवलेही नाहीत. गवगवा झाल्यावर २०१९ मध्ये प्रशासनाने अट घातली की, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी गर्भपिशवीचे ऑपरेशन करू नये. पुढे देशभराचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश दिला. अनावश्यक गर्भपिशवी-शस्त्रक्रियांवर नजर ठेवण्यासाठी राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर समित्या असाव्यात, हे या सूचनांत आहे.

हा प्रश्न फक्त ऊसतोड मजुरांचा नाही. विडी वळणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या, घरी बसून शिलाई करणाऱ्या आमच्या आया-बहिणींनाही पोटदुखी होते आणि त्यांनाही असाच सल्ला मिळू शकतो. सिझेरियनचे उदाहरण पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सरकारी दवाखान्यांतील १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, तर खासगी दवाखान्यांत हेच प्रमाण ४७.४ टक्के होते. अवघड केसेस खासगीकडे जास्त जातात असे मानले, तरी एवढी तफावत प्रश्न विचारायला लावते. म्हणून तातडीची वेळ नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय कोणत्याही मोठ्या ऑपरेशनला होकार देऊ नये. दुसरे भाव विचारल्याशिवाय आपण कापडाचा ठोकही उचलत नाही.

टेबलावर काय घडते

ऑपरेशन गरजेचेच आहे असे ठरले, तर पुढचा प्रश्न ते सुरक्षित कसे होईल हा. येथे मोठ्या यंत्रांपेक्षा साध्या शिस्तीचा उपयोग जास्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी-यादी प्रसिद्ध केली. तिचे तीन टप्पे आहेत. भूल देण्यापूर्वी रुग्णाचे नाव, ऑपरेशनची जागा व बाजू आणि औषधाची ॲलर्जी विचारायची. चिरा देण्यापूर्वी सर्वांनी थांबून पुन्हा खात्री करायची. रुग्ण टेबलावरून हलवण्यापूर्वी हत्यारे, सुया व गॉज मोजायचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली गेली आणि २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. यादीपूर्वी मृत्यूचे प्रमाण १.५ टक्के होते, ते ०.८ टक्क्यांवर आले. गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. खर्च जवळजवळ काहीच नव्हता. माल उतरवताना नग मोजून घेणारा हमाल जे करतो, तेच येथे केले गेले.

न मोजल्याचा परिणाम आपल्याच राज्यात घडलेला आहे. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील सरकारी रुग्णालयात एका महिलेची बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहून गेला. काही दिवसांनी पुन्हा पोट उघडले, तो काढला, पण महिला वाचली नाही. तिच्या पतीने व मुलांनी दावा लावला. शेवटी फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला जबाबदार धरून ३६,००० रुपयांचा मूळ हुकूमनामा कायम केला. नोकराच्या हलगर्जीपणाला मालक जबाबदार, मग तो मालक सरकार का असेना, हे ठरायला ३३ वर्षे गेली. त्या कुटुंबाने कोर्टाची पायरी चढताना कागद सांभाळून ठेवले नसते, तर हा निकालही लागला नसता.

आपण ऑपरेशन थिएटरच्या आत जाऊ शकत नाही, पण बाहेरून विचारू शकतो. भूल देणारे डॉक्टर कोण आहेत आणि ते ऑपरेशन संपेपर्यंत थांबणार आहेत काय? तपासणी-यादी वापरली जाते काय? हत्यारे निर्जंतुक करण्याची सोय येथेच आहे काय? रक्त लागले तर कोठून येणार? रात्री काही झाले तर डॉक्टर कोण असतील? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर तेही एक उत्तरच समजावे.

शरीरात बसणारा माल

आता खास व्यापाऱ्यांचा मुद्दा. पुष्कळ ऑपरेशनांत शरीरात कायमचा माल बसतो. हृदयातली स्टेंट, गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा, हाडातली पट्टी व स्क्रू, डोळ्यातली लेन्स. हा मालही कोणीतरी बनवतो, कोणीतरी विकतो, आणि त्यावर किंमत व बॅच नंबर असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या. तोपर्यंत औषधाचा लेप असलेली स्टेंट लाख-सव्वालाखाला पडत असे. तिची मर्यादा २९,६०० रुपये ठरली, साध्या स्टेंटची ७,२६० रुपये. त्यानंतर हे दर वेळोवेळी बदलत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांवरही मर्यादा आली. स्टेंटची किंमत, कंपनीचे नाव आणि बॅच नंबर बिलात वेगळा दाखवावा, हेही इस्पितळांना सांगण्यात आले.

बॅच नंबर कशासाठी हवा, ते खुब्याच्या सांध्यांच्या प्रकरणावरून कळते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये 'एएसआर' नावाचे धातूचे सांधे जगभरातून परत घेतले. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. केंद्राच्या समितीच्या अहवालानंतर २०१८ मध्ये भरपाईचे सूत्र ठरले. पण ३,६०० हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही, कारण कोणाच्या शरीरात कोणता नग आहे याची नोंद कोठे धड नव्हती. ज्याच्याकडे पाकिटावरचा स्टिकर होता, तो दाद मागू शकला.

सर्जिकल मालाच्या धंद्यात असलेल्या बांधवांनीही आपले कागद नीट करावेत. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर, औषधविक्रीचा परवाना नसलेल्या उपकरण-विक्रेत्याला अन्न व औषध प्रशासनाकडून एमडी-४२ नमुन्यातील नोंदणी घ्यावी लागते. माल परवानाधारक उत्पादक किंवा आयातदाराकडूनच घ्यावा आणि खरेदी-विक्रीची नोंद ठेवावी. ऑपरेशनला लागणाऱ्या पट्टीच्या कापडात ताण्या-बाण्याचे धागे किती असावेत, हेसुद्धा औषध नियमांच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. कमी धाग्यांची पट्टी स्वस्तात खपवणारा दुकानदार थेट कोणाच्या तरी जखमेशी खेळत असतो. खोट्या मापाचा गुन्हा तो हाच.

सही करण्यापूर्वी, पैसे देण्यापूर्वी

संमतिपत्रावर सही करणे म्हणजे कोरा चेक देणे नव्हे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयात असे प्रकरण आले की, दुर्बिणीने फक्त तपासणी करण्यासाठी संमती दिलेल्या महिलेची, ती भुलेत असताना, आईची संमती घेऊन गर्भपिशवी व अंडाशये काढली गेली. न्यायालयाने सांगितले की, तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही, आणि सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर तिच्या वतीने दुसऱ्याची सही चालत नाही. डॉक्टरांची फी नाकारण्यात आली व २५,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. म्हणून संमतिपत्र मराठीत किंवा आपल्याला समजेल त्या भाषेत मागावे, कोणते ऑपरेशन ते त्यात लिहिलेले असावे, आणि घरच्या बाईचे ऑपरेशन असेल तर समजून घेण्याचा व सही करण्याचा पहिला हक्क तिचाच आहे, हे आमच्या पुरुषांनीही मान्य करावे.

पैशाच्या बाबतीत दोन वाटा आधी तपासाव्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी खुली झाली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्र बसतो. ठरवून करायच्या ऑपरेशनला योजनेची पूर्वमंजुरी लागते, म्हणजे रिपोर्ट आणखी एका नजरेखालून जातात. हीही एक देखरेखच आहे. दुसरी वाट धर्मादाय इस्पितळांची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मोठमोठी नावाजलेली इस्पितळेही यात येतात. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड आधीच तयार असेल तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

बिघडले तर

बिघडले तर हात उचलणे हा उपाय नाही. डॉक्टर किंवा इस्पितळावर हल्ला केल्यास महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. शिवाय आपली बाजू खरी असली तरी ती तेथेच संपते. उपाय कागदाचा आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी रुग्णाचे कागद तीन वर्षे जपायचे असतात आणि मागितल्यास ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात. सबब पहिले काम म्हणजे लेखी अर्ज देऊन केसपेपर, ऑपरेशनची नोंद, भुलेची नोंद व रिपोर्ट यांच्या प्रती घेणे.

त्यानंतर तीन दारे आहेत. दाखला, दरपत्रक किंवा हक्कांची सनद यांबाबत तक्रार असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा जिल्हा आरोग्य यंत्रणा. डॉक्टरांच्या वागणुकीबाबत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. भरपाईसाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ठरवले. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी दवाखान्याबाबत हा मार्ग चालत नाही. तेथे वरिष्ठांकडे तक्रार किंवा दिवाणी दावा हाच मार्ग राहतो.

बाजाराने करायचे काम

एकट्या रुग्णाला हे सारे ऐन संकटात सुचत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून हे काम व्यापारी संघटना, यंत्रमागधारकांच्या संस्था आणि मोहल्ल्याच्या जमातींनी उचलावे. गावातील इस्पितळांपैकी कोणाचा नोंदणी दाखला चालू आहे, कोण फुले योजनेत आहे, कोण धर्मादाय आहे, याची यादी आपल्या महापालिकेकडून किंवा जिल्हा रुग्णालयाकडून लेखी मागावी. माहितीच्या अधिकारात ती मागता येते. ती यादी आणि वर दिलेले प्रश्न मराठीत व उर्दूत एका पानावर छापून दुकानांत ठेवावेत. इस्पितळात रुग्णाबरोबर जाऊ शकतील असे दोन शिकलेले तरुण प्रत्येक मोहल्ल्यात तयार असावेत. वसुलीच्या वहीसारखी एक जाड फाइल प्रत्येक घरात असावी, तिच्यात केसपेपर, बिले व स्टिकर राहतील.

यात डॉक्टरांशी वैर नाही. आमच्यातले कितीतरी डॉक्टर रात्रंदिवस प्रामाणिकपणे राबतात. कमी मनुष्यबळात सगळे नियम पाळताना छोट्या इस्पितळांची होणारी ओढाताणही खरी आहे. पण प्रामाणिक दुकानदाराला वजनमाप निरीक्षकाची भीती नसते. उलट निरीक्षक नियमित आला तर खोटे माप देणारा शेजारी उघडा पडतो आणि प्रामाणिक माणसाचे गिऱ्हाईक वाढते. इस्पितळांचेही तसेच आहे.

सरकारने निरीक्षक वेळेवर पाठवावेत, आकडे जाहीर करावेत, ही मागणी आम्ही करीतच राहू. तोपर्यंत आपल्या हाती असलेले काम आपण करावे. शरीर ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे, आणि घरच्यांच्या घामाचे भांडवलही अमानतच आहे. पुढच्या वेळी इस्पितळाची पायरी चढाल तेव्हा आधी भिंतीवरचा दाखला वाचा, त्यावरची मुदत पाहा, आणि मगच पेन हातात घ्या.